नळ आधीं कीं नकाशा आधीं?

नगरपालिकेच्या कारभाराविषयीं सुशिक्षित कुटुंबांतून जें बोलणें होतें, तें बहुधा तक्रारीचें असतें. रस्त्यावरील खड्डा, वेळेवर न उचललेला कचरा, अवेळीं येणारें आणि अर्ध्या बादलीवर थांबणारें पाणी, हे त्याचे नेहमींचे विषय होत. या तक्रारी खोट्या नसतात. परंतु त्यांच्या गर्दींत एक मूळचा प्रश्न हटकून मागें राहतो. शहराची वस्ती कोणत्या दिशेनें वाढावी आणि कोठें मुळींच वाढूं नये, हें ठरवितें कोण? कायद्याचें पुस्तक उघडलें तर उत्तर सरळ मिळतें: नगररचनेचा नकाशा हें ठरवितो. प्रत्यक्ष गांवांत मात्र हा निर्णय पुष्कळदां नकाशावर न होतां नळाच्या तोटीपाशीं होतो. असें कां होतें आणि त्याची किंमत कोणास द्यावी लागते, हें समजून घेण्यास कृष्णाकांठच्या सांगली शहराचें उदाहरण फार उपयोगी पडण्यासारखें आहे.

सांगली हें पटवर्धनांच्या संस्थानाचें राजधानीचें गांव. १९४८ सालीं संस्थान मुंबई प्रांतांत विलीन झालें. पुढें ९ फेब्रुवारी १९९८ रोजीं सांगली, मिरज व कुपवाड या तिन्ही गांवांची मिळून एक महानगरपालिका झाली. २०११ च्या शिरगणतींत तिची लोकसंख्या पांच लाखांच्या किंचित् वर भरली. म्हणजे पुण्या-मुंबईच्या मानानें हें लहानच शहर. जुनें गांव कृष्णेच्या पूर्व तीरावर, नदीच्या अगदीं कुशींत वसलें आहे. समोरच्या तीरावर सांगलीवाडी. गांवाच्या खालच्या अंगास हरिपूर येथें वारणा कृष्णेस मिळते आणि त्याहून पुढें नृसिंहवाडीस पंचगंगा. या नद्या एकाच वेळीं भरून आल्या म्हणजे कृष्णेच्या पाण्यास पुढें सरकण्यास वाव राहत नाहीं. तें तुंबतें व मागें सांगलीच्या बाजूस पसरतें. उलट पूर्वेकडे, विलिंग्डन महाविद्यालय १९१९ सालीं जेथें स्थापन झालें त्या विश्रामबागेच्या व मिरजेच्या अंगास, जमीन चढती आहे. शहरानें कोणीकडे वाढावें हें निसर्गानें येथें जवळजवळ बोट धरून दाखविलें आहे.

नदीवर १९२९ सालीं खुला झालेला आयर्विन पूल आहे. पावसाळ्यांत सांगलीच्या घराघरांत एकच प्रश्न विचारला जातो: पुलापाशीं पाणी किती फूट? ४० फुटांस इशारा आणि ४५ फुटांस धोका, हे आंकडे तेथील मुलांनाही पाढ्यांप्रमाणें पाठ असतात. २००५ सालीं पाणी ५३ फुटांच्या पुढें गेलें. २०१९ च्या ऑगस्टांत तें ५७ फुटांवर चढलें व जुन्या पेठांतून कित्येक दिवस होड्या फिरल्या. २०२१ च्या जुलैअखेर पुन्हां ५४ फुटांच्या आसपास पाणी आलें. २००५ ते २०२१ या सतरा पावसाळ्यांत असे तीन महापूर येऊन गेले. हरिपूरच्या मातींत हळद सांठविण्याचीं खोल पेवें खणण्याची जुनी चाल होती. माती कोरडी व घट्ट, म्हणून तें धान्याच्या कोठारासारखें साधन पिढ्यान्‌पिढ्या चाललें. २००५ च्या महापुरांत त्या पेवांतही पाणी शिरलें. जेथें पूर्वजांनीं निर्धास्तपणें माल पुरून ठेवला, तेथेंही नदीचा विश्वास धरतां येईना, असा काळ आला.

नदीच्या पुराचें मोजमाप करण्याचें शास्त्र आहे आणि त्यावरून जमिनीवर दोन रेषा आंखण्यांत येतात. सरासरीनें पंचवीस वर्षांतून एकदां येणारें पाणी जेथपर्यंत पोहोंचतें ती निळी रेषा, आणि शंभर वर्षांतून एकदां येणारें पाणी जेथपर्यंत पोहोंचतें ती लाल रेषा. या शब्दयोजनेनें एक गैरसमज होतो. पंचवीस वर्षांतून एकदां म्हणजे एकदां पूर येऊन गेला कीं पुढचीं चोवीस वर्षें स्वस्थता, असा त्याचा अर्थ अनेकजण करतात. खरा अर्थ असा कीं, प्रत्येक वर्षीं असा पूर येण्याचा संभव शंभरांत चार इतका असतो, मग आदल्या वर्षीं तो येऊन गेलेला असो वा नसो. घरासाठीं कोणी तीस वर्षांच्या मुदतीचें कर्ज काढलें आणि घर अगदीं निळ्या रेषेवर बांधलें, तर कर्ज फिटण्यापूर्वीं एकदां तरी पाणी उंबऱ्यास लागण्याचा संभव शंभरांत सुमारें सत्तर येतो. लाल रेषेवरील घरासही तो शंभरांत सव्वीस येतो. हें गणित शाळेंतील मुलास करतां येईल इतकें सोपें आहे. पण घर विकत घेतांना तें कोणी मांडून दाखवीत नाहीं.

या रेषांस नियमांचा आधार नाहीं असें नाहीं. पूरक्षेत्रांतील बांधकामावर नियंत्रण घालणाऱ्या कायद्याचा नमुना केंद्र सरकारनें १९७५ सालींच राज्यांकडे पाठविला होता. मणिपूरनें १९७८ सालीं तसा कायदा केला. महाराष्ट्रांत हें काम पाटबंधारे खात्याच्या आदेशांनीं व बांधकामाच्या नियमांनीं चालत आलें. डिसेंबर २०२० मध्यें मुंबईसारखे कांहीं भाग वगळून राज्यांतील बहुतेक शहरांस एकच बांधकाम-नियमावली लागू झाली. तिच्याप्रमाणें नदीचा कांठ व निळी रेषा यांमध्यें नवें बांधकाम निषिद्ध आहे. बाग, मैदान, उघडी भाजीमंडई, गाड्या उभ्या करण्याची जागा, स्मशान यांसारखे उपयोग तेवढे चालतात. निळ्या व लाल रेषांमध्यें बांधावयाचें तर जोतें लाल रेषेच्या पातळीपेक्षां ०.४५ मीटर, म्हणजे सुमारें दीड फूट, उंच असावें लागतें. कागदावर व्यवस्था पुरेशी स्पष्ट आहे. अडचण अशी कीं, सांगलीच्या सखल भागांतील पुष्कळ घरें कागदाच्या वाटेनें आलेलींच नाहींत.

तीं कोणत्या वाटेनें आलीं, हें पाहण्यासारखें आहे. शेतजमिनीचे अगदीं लहान तुकडे पाडून विकण्यास १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यानें मनाई केली होती. हेतु शेती टिकविण्याचा होता व तो चांगला होता. परंतु शहराच्या शिवेवर घराची गरज असलेला माणूस आणि पैशाची गरज असलेला शेतकरी यांची गांठ पडे, तेव्हां व्यवहार साध्या मुद्रांकावर होई. एक गुंठा, दोन गुंठे जमीन. गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. सात-बाराच्या उताऱ्यावर घेणाऱ्याचें नांव लागत नसे, रस्ता बैलगाडीच्या वाटेइतका असे आणि गटाराचा विचार कोणाच्याच मनांत नसे. अशा वस्तीस गुंठेवारी हें नांव पडलें. सांगलीच्या सभोंवतीं अशा वसाहती मोठ्या संख्येनें उभ्या राहिल्या. आणि त्यांतील शामरावनगरासारख्या कित्येक काळ्या चिकण मातीच्या सखल रानांत पसरल्या. चढावरची जमीन महाग, खोलगटांतली स्वस्त. गिरणींतला कामगार, हमाल, लहान दुकानदार, नुकताच लागलेला कारकून यांनीं जी परवडली ती घेतली. त्यांना पुराची माहिती नव्हती असें नव्हे, पण पुराच्या भीतीपेक्षां दर महिन्यास येणाऱ्या घरभाड्याची भीति अधिक जवळची होती.

अशी वस्ती उभी राहिली म्हणजे पुढचा क्रम जवळजवळ ठरलेला असतो. प्रथम विजेचा खांब येतो. मग मतदारांच्या यादींत नांवें लागतात. मग कोपऱ्यावर सार्वजनिक नळ येतो, कारण तान्ह्या मुलांच्या घरांस पाणी नाकारणें कोणत्याही सभ्य नगरसभेस शोभत नाहीं. नळाच्या मागोमाग खडीचा रस्ता, रस्त्यामागून दिवे, नंतर बालवाडी. यांतील प्रत्येक ठराव वेगळ्या दिवशीं, वेगळ्या खात्याकडून, वेगळ्या अर्जावर होतो आणि प्रत्येक ठराव स्वतंत्रपणें पाहिला तर माणुसकीचाच असतो. मात्र या सर्वांची बेरीज अशी होते कीं, जेथें राहूं नये असें नकाशा सांगतो, तेथें राहण्यास हरकत नाहीं असें नळ सांगतो; आणि सामान्य माणूस नकाशापेक्षां नळावर विश्वास ठेवतो. शेजारचें रान त्याच भरंवशावर विकलें जातें.

शेवटीं कायद्यासही या वस्तुस्थितीपुढें मान तुकवावी लागली. २००१ सालीं गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा झाला व त्या वर्षाच्या १ जानेवारीपर्यंतच्या वस्त्या विकासशुल्क व तडजोडशुल्क घेऊन कायम करण्याची सोय झाली. २०२१ च्या दुरुस्तीनें ती मर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढें नेली. हजारों कुटुंबांस आपल्या घरावर आपलें नांव पाहण्याचें समाधान मिळालें, ही गोष्ट लहान नव्हे. परंतु शुल्क भरल्यानें जमिनीची उंची वाढत नाहीं. नियमित झालेल्या घरांत पाणी अनियमित घराइतकेंच शिरतें.

पुराचें पाणी केवळ कांठ ओलांडूनच येतें असें नाहीं, हीही गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. गांवांतील ओढे-नाले उन्हाळ्यांत सांडपाणी व पावसाळ्यांत पावसाचें पाणी नदीकडे नेतात. नदी फुगली म्हणजे त्याच वाटेनें पाणी उलटें गांवांत चढतें. सांगलीचा शेरीनाला याचें ठळक उदाहरण. शहराचें मैलापाणी त्यांतून कृष्णेस मिळतें आणि त्याच कृष्णेंतून शहर पिण्याचें पाणी उपसतें. हें मैलापाणी उचलून धुळगांवकडे शेतीसाठीं नेण्याच्या योजनेवर वर्षानुवर्षें खल झाला, खर्चही झाला. नाला बुजवून त्यावर चाळ किंवा दुकानांची ओळ उभी करणें सोपें असतें, कारण नाल्यास मत नसतें आणि कोरड्या दिवसांत तो नुसता घाणीचा चर दिसतो. खोलगट भागांत रस्ता करतांना तो भर घालून उंच करण्याची रीतही अशीच फसवी आहे. रस्ता कोरडा राहतो; पण तोच बांध होऊन दोन्ही बाजूंच्या घरांतील पाणी अडवितो. सोय म्हणून केलेलें काम चुकीच्या जागीं केलें तर तें संकटाचेंच साधन होतें.

मोकळ्या जागांचें दैव याहून वेगळें नाहीं. विकास योजनेंत बाग, मैदान, शाळा यांसाठीं जमिनी राखून ठेवतात. महाराष्ट्राच्या १९६६ च्या नगररचना कायद्याच्या १२७ व्या कलमाप्रमाणें, योजना अमलांत आल्यापासून दहा वर्षांत अशी जमीन सार्वजनिक कामासाठीं संपादन झाली नाहीं, तर मालकास नोटीस देतां येते. आणि नोटिशीनंतर चोवीस महिन्यांत संपादनाची पाउलें न पडल्यास आरक्षण आपोआप रद्द होतें. मालकाची जमीन विनामोबदला अनिश्चित काळ अडकवून ठेवणें अन्यायाचें, म्हणून हें कलम योग्यच आहे. परंतु लहान शहराच्या तिजोरींत संपादनापुरता पैसा क्वचितच असतो. नदीकांठच्या ज्या सखल जागेवर मैदान शोभलें असतें आणि पूर आला असतां ज्या मैदानानें चार दिवस पाणी पोटांत घेतलें असतें, ती जागा मुदत टळली म्हणजे निसटून जाते.

सांगलींत पुराची चर्चा निघाली कीं ती लवकरच कर्नाटकांतील अलमट्टी धरणाकडे वळते. २०१९ च्या महापुरानंतर राज्य सरकारनें श्री. नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली व तिनें २०२० सालीं अहवाल दिला. पुराचें कारण अलमट्टी नसून अतिवृष्टि व नदीपात्राची घटलेली वहनक्षमता यांकडे त्या समितीचा रोख होता. तो निष्कर्ष पुष्कळांस पटला नाहीं व वाद पुढेंही चालू राहिला. वादाचा निकाल कसाही लागो, धरणाचे दरवाजे महानगरपालिकेच्या हातांत नाहींत. नाला मोकळा ठेवणें, भराव रोखणें, नवी नळजोडणी कोठें द्यावी हें ठरविणें, या गोष्टी मात्र तिच्या हातांतील आहेत. दूरच्या दोषाची चर्चा जवळच्या कर्तव्यास पांघरूण घालणारी होऊं नये.

तर मग करावें काय? सखल भागांतील सर्वांस उठवून लावा, असें म्हणणारास शहराचा स्वभाव कळलेला नाहीं. गांवभागांतील जुन्या पेठा कोणतीही रेषा आंखली जाण्याच्या कितीतरी आधींपासून नांदत आहेत. तेथील रहिवाशांस अतिक्रमण करणारे म्हणणें हा शब्दाचा दुरुपयोग होईल. गुंठेवारींतल्या माणसानें फसवणूक केली नाहीं. पुष्कळदां त्याचीच झाली. या दोहोंस पाणी, वीज व स्वच्छता मिळालीच पाहिजे आणि त्याबरोबर धोक्याचा वेळेवर इशारा व घर उंच करण्यास मदत मिळाली पाहिजे. परंतु ज्या सखल रानांत अजून एकही चूल पेटलेली नाहीं, तेथें नवीन इमारतीचा नकाशा, नवीन रस्ता व नवीन नळ यांस आरंभींच नकार देणें यांत कोणावरही क्रूरता नाहीं. तो नकार चूल पेटण्यापूर्वीं द्यावा लागतो. नंतर दिला तर तो अन्याय होतो, म्हणून नंतर तो कोणी देत नाहीं.

नुसता नकार मात्र पुरा पडणार नाहीं. चढावरची जमीन गरिबांस परवडेल अशी मिळाली नाहीं, तर स्वस्त खोलगट भरतच राहील. यासाठीं फार जुनें साधन उपलब्ध आहे. हिंदुस्थानांतील पहिला नगररचना कायदा मुंबई इलाख्यांत १९१५ सालीं झाला. त्यांतील पद्धति अशी: एका भागांतील सर्व मालकांच्या वेड्यावांकड्या जमिनी एकत्र करावयाच्या, प्रथम रस्ते, गटारें व मोकळ्या जागा आंखावयाच्या, आणि उरलेली जमीन नीट आकाराचे प्लॉट पाडून मालकांस परत द्यावयाची. जमीन थोडी घटते, पण तिचें मोल वाढतें, आणि त्या वाढींतून सोयींचा खर्च निघतो. मुंबईच्या उपनगरांत वांद्रें, सांताक्रूझ, विलेपार्लें येथें अशा योजना झाल्या. अहमदाबादेनें तर ही रीत शतकभर चालू ठेवली. हिचें मर्म हें कीं, येथें नकाशा आधीं येतो आणि नळ मागून. त्याच सुमारास हिंदुस्थानांतील शहरें पाहत फिरलेले नगररचनाकार पॅट्रिक गेडिस यांचाही आग्रह असाच होता: आधीं गांव पायीं फिरून पाहावें, तळीं व ओढे कोठें आहेत तें समजून घ्यावें आणि मग रेघ ओढावी.

तिसरी गोष्ट अल्प खर्चाची आहे. पुराची पातळी लोकांच्या डोळ्यांपुढें ठेवावी. २००५, २०१९ व २०२१ सालीं पाणी कोठवर आलें होतें, तें चौकाचौकांतील खांबांवर रंगानें दाखवावें. घर अगर प्लॉट विकतांना तो कोणत्या रेषेच्या आंत आहे हें खरेदीखतांत लिहिण्याचा प्रघात पाडावा. घराचें तोंड कोणत्या दिशेस आहे याची चौकशी घेणारा करतोच. जोत्याची उंची किती, हीही करूं लागेल.

हें सर्व शेवटीं ज्या एका टप्प्यावर येऊन ठेपतें, त्याची माहिती सुशिक्षित घरांतही फार थोड्यांस असते. विकास योजना वीस वर्षांतून किमान एकदां फेरतपासावी लागते. तिचें प्रारूप तयार झालें म्हणजे राजपत्रांत व वर्तमानपत्रांत सूचना येते, नकाशे कचेरींत पाहण्यास ठेवतात आणि ठराविक मुदतींत लेखी हरकती व सूचना मागवितात. नंतर एक नियोजन समिति त्यांची सुनावणी करते. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीनें नगरनियोजनाचा समावेश नगरपालिकांच्या कामांच्या बाराव्या परिशिष्टांत केला. तेव्हां हा टप्पा म्हणजे पुढील वीस वर्षांचें शहर ठरण्याचा क्षण होय. त्या सुनावणीस जातो कोण? ज्याच्या जमिनीवर बागेचें आरक्षण पडलें तो मालक जातो, त्याचा वकील जातो, ज्याचा प्लॉट रस्त्यांत जातो तो जातो. त्यांनीं जाणें योग्यच आहे. पण नाल्याच्या बाजूनें कोणी जात नाहीं. पुढें त्या सखल रानांत राहावयास येणारें कुटुंब तर अद्याप तेथें आलेलेंच नसतें, मग त्याची हरकत नोंदविणार कोण?

कायद्याच्या २८ व्या कलमानें हरकत घेण्याचा हक्क कोणत्याही व्यक्तीस दिला आहे; त्यासाठीं जमिनीची मालकी लागत नाहीं. ज्यांच्या घरीं वर्तमानपत्र येतें, ज्यांना नकाशा वाचतां येतो आणि एक अर्ज शुद्ध भाषेंत लिहितां येतो, अशीं माणसें प्रत्येक लहान शहरांत आहेत. पुढच्या वेळीं अशी सूचना प्रसिद्ध होईल तेव्हां त्यांनीं एक दुपार मोडून कचेरींत जावें, आपल्या घराची जागा पाहून झाल्यावर निळी रेषा कोठून जाते तें पाहावें, नाले पूर्ण दाखविले आहेत कीं मध्येंच पुसले गेले आहेत तें पाहावें, आणि जें वावगें दिसेल तें कागदावर लिहून द्यावें व त्याची पोंच घ्यावी.